महाविद्यालयासाठीची ईआरपी प्रणाली : जिथे वही मिटली, तिथेच ती चालली

ईआरपी म्हणजे प्रवेश, हिशेब, हजेरी, परीक्षा असे महाविद्यालयाचे सगळे काम एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली. अनुदानित महाविद्यालयांना विकल्या जाणाऱ्या अशा प्रणालींची जाहिरात बहुतेक सारखीच असते. प्रवेशापासून टीसीपर्यंत विद्यार्थ्याची सगळी माहिती एका ठिकाणी, शुल्क ऑनलाइन, हजेरी मोबाइलवर, इंटर्नलचे (अंतर्गत परीक्षांचे) गुण थेट विद्यापीठाच्या नमुन्यात आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकला द्यायचा अहवाल एका क्लिकवर. आमच्या महाविद्यालयाने अशी एक प्रणाली विकत घेतली आणि कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांत ती काही वर्षे वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. शेजारच्या महाविद्यालयांत पाहिलेल्या दुसऱ्या कंपन्यांच्या प्रणालींतही याच खिडक्या, याच अडचणी आणि हीच आश्वासने आढळली, त्यामुळे नावाने फारसा फरक पडत नाही. शिवाय पुढे नोंदवलेल्या दोषांपैकी निम्मे कंपनीच्या पदरात टाकता येणार नाहीत. उच्च शिक्षणातील डिजिटल बदल कुठे अडतो याची चर्चा बहुधा ‘प्राध्यापकांची मानसिकता’ या दोन शब्दांवर येऊन थांबते. आमच्या अनुभवात मात्र गाडी अडली ती दुसऱ्याच ठिकाणी.

खरेदी कशी झाली हे आधी सांगायला हवे, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी तिथेच ठरून गेल्या. त्या वेळच्या नॅकच्या सात निकषांपैकी सहाव्या निकषात ई-गव्हर्नन्सविषयी (संगणकाधारित कारभाराविषयी) थेट विचारणा होती : प्रशासन, वित्त व लेखा, विद्यार्थी प्रवेश व साहाय्य आणि परीक्षा या चार क्षेत्रांत ते राबवले जाते का? जितकी क्षेत्रे अधिक, तितके गुण अधिक, आणि पुरावा म्हणून इतर कागदपत्रांसोबत प्रणालीचे स्क्रीनशॉट जोडायचे. साहजिकच खरेदी समितीच्या बैठकीत ‘चारही क्षेत्रे यात आहेत ना?’ हा प्रश्न सर्वांत आधी आला आणि ‘आमच्या ऑफिसातील कोणते काम यामुळे कमी होणार?’ हा प्रश्न आलाच नाही. विक्रेत्यालाही हे पक्के ठाऊक असावे. प्रणालीच्या प्रत्येक खिडकीवर महाविद्यालयाचे नाव व बोधचिन्ह इतक्या ठसठशीतपणे येते की पडद्याचा वरचा चतुर्थांश भाग त्यातच जातो. रोज काम करणाऱ्या लिपिकाला त्याचा उपद्रवच होतो, पण स्क्रीनशॉट मात्र देखणा येतो. दर विद्यार्थ्यामागे वार्षिक आकारणी आहे, म्हणजे एखादा भाग वापरला नाही तरी पैसे तेवढेच पडतात. हा मुद्दा करारावर सही करताना कोणाला खटकला नाही.

प्रणालीतला सर्वांत चांगला भाग शुल्काचा आहे आणि त्याची मोकळ्या मनाने स्तुती करायला हवी. पूर्वी प्रवेशाच्या दिवसांत रोखपालाच्या खिडकीपुढची रांग सायकल स्टँडपर्यंत जात असे, पावत्या कार्बन घालून तीन प्रतींत लिहिल्या जात आणि रोजकीर्द जुळेपर्यंत ऑफिसातल्या कोणाला घरी जाता येत नसे. आता विद्यार्थी यूपीआयने पैसे भरतो, पावती त्याच्या मोबाइलवर येते आणि दुसऱ्या दिवशी बँकेचा उतारा व प्रणालीतील जमा यांचा मेळ आपोआप लागतो. न जुळलेल्या नोंदी वेगळ्या रंगात दिसतात, त्यामुळे ‘पैसे कापले गेले, पण पावती आली नाही’ असे म्हणत आलेल्या पालकाला बँकेत पिटाळावे लागत नाही. हे जमले याचे कारण तंत्रज्ञानात थोडे आणि निर्णयात जास्त आहे. शुल्काचा भाग सुरू झाला त्याच दिवशी प्राचार्यांनी पावती पुस्तके कपाटात घालून कुलूप लावले, आणि लेखापरीक्षकांनी प्रणालीतून काढलेली रोजकीर्द ग्राह्य धरण्याचे आधीच मान्य केले होते. कागद मागणाऱ्याने कागद मागणे सोडले आणि लिहिणाऱ्याला जुनी वही लिहिण्याची मुभाच उरली नाही. पुढचा प्रत्येक भाग याच एका गोष्टीवर तरला किंवा बुडाला आहे.

याच भागाची एक मोठी उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. प्रणालीला विद्यार्थी दोनच प्रकारचा कळतो, पैसे भरलेला आणि पैसे न भरलेला. शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरून शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप (शुल्कमाफी) घेणारा विद्यार्थी या दोन्हींत बसत नाही. त्याचे शुल्क शासनाकडून यायचे असते, ते हप्त्यांनी येते, योजनेनुसार कधी महाविद्यालयाच्या तर कधी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात येते, आणि अनेकदा वर्ष उलटून गेल्यावर येते. तोवर पडद्यावर त्याच्या नावापुढे ‘थकबाकीदार’ असा शिक्का असतो. आमच्याकडची पदवी पूर्ण केलेल्या एका विद्यार्थिनीला बी.एड.च्या प्रवेशासाठी दोन दिवसांत टीसी हवी होती. शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता जमा झालेला नसल्याने प्रणाली टीसी काढू देईना. हेड क्लार्कने अखेर तिची बाकी ‘सवलत’ या शीर्षाखाली शून्य केली आणि टीसी तिच्या हातात दिली. मुलीचे काम झाले. पण मार्चअखेरीस हिशेब काढल्यावर महाविद्यालयाने स्वतःच्या खिशातून शुल्कमाफी दिल्याचे दिसू लागले, आणि पुढे शासनाकडून आलेली रक्कम कोणाच्या नावावर जमा करायची हा नवा घोळ उभा राहिला. ‘शासनाकडून येणे’ असे एक शीर्ष खातेवहीत पूर्वापार होते. ज्यांनी ही प्रणाली रचली त्यांनी बहुधा व्यवस्थापन शिकवणाऱ्या विनाअनुदानित संस्थांचे नमुने पाहिले असावेत, जिथे येणे असते ते पालकाकडूनच.

बोनाफाइड, टीसी आणि इतर दाखले आता पटकन निघतात, ही सोय खरी आहे. मराठी दाखला मात्र अजूनही डोळ्यांत तेल घालून वाचावा लागतो. विद्यार्थ्याचे नाव रोमन लिपीत भरल्यावर प्रणाली ते आपोआप देवनागरीत करते, आणि त्यात साठे यांचे ‘साथे’, काळे यांचे ‘काले’ होते. दुरुस्तीची चौकट अर्जाच्या अगदी शेवटी आहे, तिथपर्यंत येईस्तोवर विद्यार्थी कंटाळलेला असतो, आणि एकदा अर्ज मंजूर झाला की नावातला बदल करण्याचा अधिकार ऑफिसकडे राहत नाही, कंपनीकडे जातो. त्यातच पीडीएफ काढताना काही वेळा पहिली वेलांटी आपल्या अक्षराला सोडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. ही तक्रार आम्ही केली तेव्हा ‘सर, तुम्ही इंग्रजी दाखला देत जा ना’ असे उत्तर मिळाले. तहसील कार्यालयात आणि बसच्या पासासाठी मराठी दाखला चालतो, किंबहुना तोच मागतात, हे समजावून सांगण्यात बराच वेळ गेला.

नावांचा हा प्रश्न वेलांटीपुरता राहिला असता तर बरे होते. राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव अशी रीत आहे आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात असते. आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी असते, आणि कित्येकांच्या कार्डावर वडिलांच्या नावाचे पहिले अक्षरच असते. मुलीचे शिक्षण चालू असताना लग्न झाले असेल तर तिसरेच नाव उभे राहते. २०२१ च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट (श्रेयांक) साठवणाऱ्या राष्ट्रीय व्यवस्थेत, प्रत्येक विद्यार्थ्याचे बारा अंकी खाते डिजिलॉकरमधून उघडायचे असते आणि तिथे नाव आधारप्रमाणे लागते. विद्यापीठाच्या पीआरएनमधले (कायम नोंदणी क्रमांकातले) नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे असते. दोन्ही नावे त्याच मुलाची आहेत हे ऑफिसातल्या शिपायालाही कळते, पण दोन संगणकांना कळत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नावही स्वतःच्या नावाला लागून येणार आहे. निर्णय स्वागतार्हच आहे. फक्त ती मुले महाविद्यालयात येतील तोवर नावाच्या रकान्यांची ही लढाई कोणी तरी मिटवून ठेवावी.

क्रेडिटचे खाते उघडण्याच्या कामातली दुसरी अडचण ओटीपीची. आधारला जोडलेला क्रमांक अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत वडिलांचा आहे, आणि ज्या गावांतून आमचे विद्यार्थी येतात तिथले बरेच पालक हंगामात ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात असतात. हिवाळी सत्राचे परीक्षा अर्ज आणि कारखान्यांचा गळीत हंगाम एकाच वेळी चालू असतो. मुलगा ऑफिसच्या खिडकीशी उभा, बाप उसाच्या फडात, ओटीपी बापाच्या साध्या फोनवर येतो, तो वाचून दाखवायला शेजारी कोणी नसते, आणि दहा मिनिटांची मुदत उलटून जाते. खिडकीतल्या लिपिकाने ‘बाळा, रात्री बाबा खोपीवर आले की फोन लाव, मी उशिरापर्यंत लॉगिन चालू ठेवतो’ असे सांगून कितीतरी खाती उघडून दिली आहेत. या उशिरापर्यंतच्या बैठकीची नोंद कोणत्याही डॅशबोर्डवर नाही.

आता हजेरीचा भाग, ज्याच्या जोरावर ही प्रणाली प्रामुख्याने विकली गेली आणि जो आमच्याकडे पूर्णपणे फसला. सादरीकरणात तो फार आकर्षक दिसला होता : प्राध्यापक वर्गात जातात, मोबाइलवर तुकडी निवडतात, गैरहजरांवर बोट ठेवतात आणि पालकांना लगेच संदेश जातो. प्रत्यक्षात आमची मुख्य इमारत जाड दगडी भिंतींची आहे आणि तळमजल्यावरच्या वर्गांत मोबाइलला रेंज नसते. प्रणालीचे ॲप इंटरनेटशिवाय उघडतच नाही. ही उणीव वायफायने भरून निघू शकली असती आणि काही अंशी निघालीही. खरा अडथळा पुढे होता. विद्यापीठाच्या समित्या आल्या की प्राध्यापकाच्या सहीचा कॅटलॉग, म्हणजे हजेरीची छापील वही, मागतात, परीक्षेला बसू न दिलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची तक्रार वर गेली तर पुरावा म्हणून कॅटलॉगच मागितला जातो, आणि ॲपमधल्या हजेरीला कोणी विचारत नाही. त्यामुळे कॅटलॉग चालूच राहिला. एकच हजेरी दोनदा घ्यायची असेल तर माणूस ज्याला विचारणा होते ती आधी घेतो, हे सांगायला मानसिकतेचा अभ्यास लागत नाही. सत्र संपत आले की कॅटलॉगवरून ॲपमध्ये सगळ्या महिन्यांची हजेरी एकदम भरली जाऊ लागली. स्टाफ रूममध्ये एक जण नावे वाचतो आणि दुसरा टिचक्या मारतो. पालकांना जूनमधल्या गैरहजेरीचा संदेश ऑक्टोबरच्या एका रात्री मिळाला, तेव्हा दुसऱ्या दिवशी ऑफिसचा फोन खाली ठेवता येत नव्हता.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि राज्यातल्या कोणत्याही अनुदानित महाविद्यालयात तो ओळखीचा वाटेल. रिक्त जागांमुळे अध्यापनाचा मोठा भार तासांप्रमाणे मानधन घेणाऱ्या या प्राध्यापकांवर, म्हणजे सीएचबीवर, आहे. त्यांच्या नेमणुका दर वर्षी नव्याने होतात, मान्यता यायला वेळ लागतो, आणि तोवर वर्ग मात्र सुरू झालेले असतात. प्रणालीत लॉगिन उघडण्यासाठी कायम कर्मचारी क्रमांक हा सक्तीचा रकाना आहे, जो आमच्याकडे शासनाच्या ‘सेवार्थ’ या वेतन प्रणालीतील क्रमांकावरून घेतला गेला. सीएचबी प्राध्यापकाला तो क्रमांकच नसतो. मग तो विभागप्रमुखाच्या लॉगिनने काम करतो. परिणामी नोंदीनुसार आमचे एक विभागप्रमुख एकाच वेळी दोन वर्गांत शिकवताना दिसतात, आणि वर्षभर प्रत्यक्ष शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकाचे नाव प्रणालीत कुठेच नाही. त्याला अनुभवाचा दाखला द्यायची वेळ आली तेव्हा कामाचा पुरावा पुन्हा कॅटलॉगमधूनच काढावा लागला.

नवीन शैक्षणिक धोरण लागू झाले आणि प्रणालीचा पायाच हलला. एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने क्रेडिटची नवी रचना आली, संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला ती २०२४-२५ पासून सुरू झाली, आणि मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (दुसऱ्या शाखेतूनही घेता येणारा खुला विषय), व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशा विषयगटांच्या टोपल्यांतून विद्यार्थ्याने सत्राला २० ते २२ क्रेडिट गोळा करायचे ठरले. आमची प्रणाली मात्र वर्ग आणि तुकडी या जुन्या कल्पनेवर उभी आहे : एफ.वाय.बी.एस्सी. ‘अ’ तुकडीतला विद्यार्थी म्हणजे ठरलेले विषय, ठरलेले वेळापत्रक, ठरलेला हजेरीपट. आता त्याच तुकडीतले काही जण ओईसाठी वाणिज्य शाखेत बसतात, काही मराठी विभागाकडे येतात, आणि पुढच्या सत्रात सगळी मांडणी बदलते. दुसऱ्या शाखेचा विषय निवडला की प्रणाली ‘हा विद्यार्थी या वर्गात नोंदलेला नाही’ असे सांगून थांबते. ही दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत येईल असे उत्तर मिळाले, आणि ती आवृत्ती अजून पुढेच आहे. तोवर वनस्पतिशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापिकेने एक्सेलची एक फाइल तयार केली, ज्यात प्रत्येक विद्यार्थ्यापुढे त्याच्या टोपल्या आहेत. आज महाविद्यालयाचे वेळापत्रक, इंटर्नल परीक्षा आणि विद्यापीठाला जाणारे गुण यांचा आधार ती फाइल आहे, आणि ती व्हॉट्सॲपवरून फिरते. पैसे ज्या प्रणालीचे भरतो ती वेगळी आणि कॉलेज ज्या प्रणालीवर चालते ती वेगळी, अशी ही परिस्थिती आहे.

परीक्षेच्या भागाविषयी प्राध्यापक इतके साशंक का असतात, याला एक इतिहास आहे आणि तो विसरून कोणालाही हटवादी ठरवू नये. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा पूर्वतयारीविना एकदम लागू केला. उत्तरपत्रिका १७ लाखांच्या आसपास होत्या. राज्य विद्यापीठ कायद्यानुसार निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा; कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, तासिका थांबवून प्राध्यापकांना तपासणीला बसवावे लागले, उत्तरपत्रिका सापडेनात, परदेशी व इतर विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्यांचे हाल झाले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. आमचे विद्यापीठ वेगळे, पण ही हकीकत राज्यातल्या प्रत्येक स्टाफ रूममध्ये पोचलेली आहे. त्यामुळे प्रणालीत गुण भरल्यावरही प्रत्येक प्राध्यापक त्याची मुद्रित प्रत काढून, सही करून, स्वतःच्या कपाटात ठेवतो, आणि तो तसे करतो म्हणून त्याला दोष देण्याची माझी तयारी नाही. या भागाबद्दल कंपनीला श्रेय द्यायचे तर इतकेच की गुणांत बदल केला की कोणी, कधी आणि कोणत्या गुणावरून कोणत्या गुणावर केला याची नोंद ती नीट ठेवते. ही सोय दाखवून दिल्यापासून काही विभागांनी दुसरी प्रत काढणे बंद केले आहे.

अहवालांच्या ‘एका क्लिक’बद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो क्लिक अस्तित्वात नाही. उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण, नॅकचा वार्षिक अहवाल, एनआयआरएफ ही राष्ट्रीय क्रमवारी, विद्यापीठाच्या संलग्नतेचे नूतनीकरण आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची पत्रके, असे किमान पाच ठिकाणी जवळपास तीच माहिती जाते. पण कोणाला ती शैक्षणिक वर्षाप्रमाणे हवी असते, कोणाला आर्थिक वर्षाप्रमाणे, आणि शोधनिबंधांची कॅलेंडर वर्षाप्रमाणे. प्रवर्गांचे रकाने प्रत्येकाचे निराळे आहेत. प्रणाली विद्यार्थिसंख्येचा एक सुबक तक्ता देते, आणि त्यावरून लिपिक पाच संकेतस्थळांवर हाताने आकडे भरतो. सहसंचालक कार्यालयाची पत्रके तर ऑनलाइन भरल्यावर त्याची प्रत सही-शिक्क्यासह दोन प्रतींत समक्ष आणून द्यावी लागते. पूर्वी कागदी घोडे नाचत होते. आता आधी पडद्यावर नाचतात आणि मग कागदावर. यात कंपनीने काय करावे, असा प्रश्न तिच्या प्रतिनिधीने विचारला, आणि त्याला द्यायला उत्तर नव्हते.

ग्रंथालयाचे उदाहरण या सगळ्याच्या उलट आहे म्हणून त्याचा उल्लेख टाळता येत नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठीय ग्रंथालयांसाठीच्या केंद्राने तयार केलेले सोल हे सॉफ्टवेअर आमच्या ग्रंथालयात गाजावाजा न होता कधीपासून चालू आहे. पुस्तकाची नोंद कशी करायची याचे जगभर मान्य असलेले प्रमाण आहे, ते शिकलेला ग्रंथपाल पूर्णवेळ त्या खुर्चीवर आहे, आणि देवघेवीची कार्डे कधीच रद्दीत गेली आहेत. नव्या ईआरपीतही ग्रंथालयाचा भाग होता. ग्रंथपालांनी तो पाहिला, सोलमधल्या नोंदी त्यात जशाच्या तशा येतील का असे विचारले, येणार नाहीत असे कळल्यावर शांतपणे नकार दिला, आणि त्यांचा नकार बरोबर होता. पण दोन प्रणाली एकमेकींशी बोलत नसल्याने टीसी घेणाऱ्या विद्यार्थ्याला आजही ‘नो ड्यूज’चा कागद हातात धरून ग्रंथालय, जिमखाना आणि प्रयोगशाळा असे फिरून शिक्के गोळा करावे लागतात. ऑनलाइन अर्ज, ऑनलाइन शुल्क, आणि मध्ये ही परिक्रमा.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल सांगायचे तर तक्रार नोंदवायची अधिकृत व्यवस्था आहे, पण काम होते ते व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि तेही कंपनीचा एक विशिष्ट मुलगा नोकरीवर असेपर्यंत. मुलगा हुशार आणि कष्टाळू होता. तो दुसरीकडे गेला आणि नव्याला आमची शिष्यवृत्तीची भानगड पहिल्यापासून समजावावी लागली. आमच्या बाजूलाही परिस्थिती वेगळी नाही. शिक्षकेतर पदांची भरती दीर्घकाळ रखडलेली, निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या, आणि सगळी प्रणाली एका कनिष्ठ लिपिकाच्या खांद्यावर. तो रजेवर गेला की टीसी निघत नाही. प्रशिक्षण म्हणून कंपनीने सभागृहात एकदा सर्वांना पडद्यावर खिडक्या दाखवल्या आणि फोटो काढले. फोटो नॅकच्या फाइलमध्ये आहेत.

सर्वांत काळजीची बाब करारातली आहे, आणि नवी प्रणाली घेऊ पाहणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्यावे. विद्यार्थ्यांची जात प्रमाणपत्रे, आधारच्या प्रती, बँक खात्यांचे तपशील आणि पालकांचे उत्पन्न हे सारे कंपनीच्या सर्व्हरवर आहे. करारात गोपनीयतेचे एक वाक्य आहे. माहिती किती काळ ठेवणार, करार संपल्यावर ती आमच्याकडे कोणत्या स्वरूपात देणार आणि स्वतःकडची प्रत नष्ट केल्याचे लेखी देणार का, याविषयी अवाक्षर नाही. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्यानंतर आम्ही ही विचारणा केली आणि सोबत मागील वर्षांची पूर्ण माहिती मागितली. ती आली, पण पीडीएफमध्ये. हजारो पानांच्या पीडीएफमधून दुसऱ्या प्रणालीत काहीही नेता येत नाही, हे कंपनीला ठाऊक नसेल असे मानणे अवघड आहे. सोडून जाण्याची वाट इतकी खडतर असेल तर दरवर्षीचे नूतनीकरण हा आपला निर्णय उरत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर शुल्काच्या भागाला चार, दाखल्यांना तीन, परीक्षेला अडीच, अहवालांना एक आणि हजेरीला शून्य देईन. सरासरी काढण्यात अर्थ नाही, कारण कोणीही ही प्रणाली सरासरीसाठी घेत नाही. ज्यांना प्रवेशाच्या दिवसांतली रांग आणि हिशेबाचा ताण कमी करायचा आहे त्यांनी अशी प्रणाली जरूर घ्यावी, मात्र भागनिहाय दर मागावेत आणि ‘शासनाकडून येणे’ हे शीर्ष आपल्या डोळ्यांदेखत उघडून दाखवायला सांगावे. सादरीकरणात त्यांचा नमुना विद्यार्थी न घेता आपल्याकडचा एखादा अवघड विद्यार्थी द्यावा : फ्रीशिपचा, ओई दुसऱ्या शाखेत घेतलेला, आधार आणि गुणपत्रिकेवर नाव वेगळे असलेला, आणि आडनावात ‘ळ’ असलेला. शिकवणारा म्हणून सेवार्थ क्रमांक नसलेला सीएचबी प्राध्यापक निवडावा. एवढे पाच मिनिटांत पार पडले तर पुढची बोलणी करावी. शक्य असेल तर दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या आणि शिक्षण मंत्रालयाच्या पाठिंब्याने चालणाऱ्या समर्थ प्रणालीचीही तुलना करून पाहावी, विशेषतः आपले विद्यापीठ ती वापरत असेल तर. विद्यापीठ आणि महाविद्यालय एकाच प्रणालीवर असतील तर पुन्हा पुन्हा भरण्याचे काम तरी कमी होण्याची शक्यता आहे.

आमच्या महाविद्यालय विकास समितीने नूतनीकरणाच्या वेळी शुल्क, दाखले आणि परीक्षा एवढेच भाग चालू ठेवण्याचे ठरवले असून, सर्व माहिती दर सहा महिन्यांनी एक्सेलच्या स्वरूपात महाविद्यालयाला मिळावी अशी अट घातली आहे. कंपनीने दर कमी करण्यास नकार दिला आहे आणि अट मान्य केली आहे. हजेरीच्या भागासाठी आम्ही विद्यापीठाला पत्र लिहिले आहे : प्रणालीतून काढलेली, प्राचार्यांनी प्रमाणित केलेली हजेरी समित्यांसमोर ग्राह्य धरली जाईल का, एवढेच त्यात विचारले आहे. होकार आला तर पुढच्या जूनपासून कॅटलॉगची खरेदी बंद करायची, आणि हजेरीचा भाग मग पुन्हा विकत घ्यायचा, असा ठराव इतिवृत्तात नोंदवलेला आहे. पत्राला उत्तर आलेले नाही. या वर्षीचे कॅटलॉग छापून आले आहेत.